आदेश ११२४६ रद्द झाल्यावर: अमेरिकेतली सरकारी कंत्राटं, भेदभाव-बंदी आणि पगाराचा हिशेब

चाफेकळी

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. गेली बारा वर्षं मी मेरीलँडमध्ये एका मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कंपनीत एचआरला आहे. आमचं निम्म्याहून जास्त काम केंद्र सरकारच्या कंत्राटांचं. त्यामुळे दर वर्षी जानेवारी ते मार्च माझं टेबल एकाच कामाने भरलेलं असायचं: अफर्मेटिव्ह ॲक्शन प्लॅन, म्हणजे स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना नोकरी-पगारात समान संधी मिळते का हे तपासायचा आराखडा. ५० किंवा जास्त कर्मचारी आणि ५० हजार डॉलर किंवा त्याहून मोठं कंत्राट असलं की तो लेखी करावाच लागायचा. कोण कुठल्या कामावर आहे, किती अर्ज आले, कोणाला घेतलं, कोणाला बढती दिली आणि कोणाला किती पगार आहे, सगळं रकान्यांमध्ये.

या सगळ्याचं मूळ १९६५ च्या सप्टेंबरमधल्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या आदेशात, क्रमांक ११२४६: सरकारी कंत्राटदाराने नोकरीत भेदभाव करायचा नाही. त्याच्याही आधी १९४१ मध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा आणायचा इशारा दिला, तेव्हा रूझवेल्ट यांनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वंशभेद करायला मनाई करणारा आदेश काढला होता. म्हणजे सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कामात भेदभाव नको, हा विचार ऐंशी वर्षांहून जुना. १९६७ मध्ये ११२४६ च्या मनाईत लिंगभेदही आला. २१ जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी नवा आदेश, क्रमांक १४१७३, काढून ११२४६ रद्द केला. कंत्राटदारांना आवराआवर करायला ९० दिवस दिले.

बातम्यांमध्ये यावर भांडण झालं ते 'न्याय विरुद्ध गुणवत्ता' असं. मला बोलायचंय ते पैशाबद्दल. केंद्र सरकार वर्षाला सुमारे ७६ हजार कोटी डॉलर कंत्राटांवर खर्च करतं (२०२३ च्या आर्थिक वर्षाचा आकडा ७५९ अब्ज). देशातल्या साधारण पाचातला एक कामगार अशा कंत्राटदार कंपन्यांमध्ये काम करतो. आपल्यातले किती जण त्यात आहेत ते तुम्हीच बघा.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी फील्ड इन्स्पेक्टर लोकांचा तक्ता काढला होता. छापून, पिवळ्या पेनने खुणा करत बसले होते. अकरा जण, त्यात तीन बायका. एका बाईला कंपनीत सात वर्षं झालेली, आणि तिच्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या माणसाला तिच्यापेक्षा वर्षाला नऊ हजार जास्त. दोघांची प्रमाणपत्रं तीच, पूल तपासायचे ते पण तसेच. मी मॅनेजरकडे गेले. तो पंधरा मिनिटं कागदाकडे बघत बसला. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. ती आली तेव्हा आधीच्या नोकरीतला पगार विचारून त्यावर थोडं वाढवून दिलं होतं, आणि मग दर वर्षी तीन टक्के, तीन टक्के. पुढच्याच पगारवाढीत ते दुरुस्त झालं. त्या बाईने कधी तक्रार केली नव्हती, कारण तिला माहीतच नव्हतं.

भेदभावाविरुद्धचा १९६४ चा नागरी हक्क कायदा आजही आहे, १५ किंवा त्याहून जास्त लोकांच्या प्रत्येक कंपनीला लागू आहे. पण तो मुख्यतः तक्रारीवर चालतो. शेजारच्या टेबलवरच्याचा पगार माहीत नसलेल्या माणसाने तक्रार कशी करायची? ११२४६ मध्ये तक्रार लागत नव्हती. कंपनीला स्वतःच दर वर्षी रकाने तपासावे लागायचे, आणि कामगार खात्याचं ओएफसीसीपी हे कार्यालय कधीही पत्र पाठवून ते मागू शकायचं. पत्र आलं की ३० दिवसांत सगळं द्यायचं. त्या पत्राच्या धाकाने पगार दुरुस्त व्हायचे. ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ज्यांचे स्वतःचे व्यवसाय आहेत त्यांनी.

टांगेवाला

ताई, धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. माझा ओहायोत एचव्हीएसीचा (हीटिंग-एसीचा) धंदा आहे. आम्ही बरीच वर्षं ४७-४८ माणसांवर थांबलो होतो, आणि त्यामागे हा पन्नासचा आकडा हे एक कारण होतं. पन्नासावा माणूस घेतला की सल्लागार, वकील, सॉफ्टवेअर. हजारो डॉलर आणि माझ्या बायकोचे दोन महिने (हिशेब तीच बघते). मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवत नाही, तिच्याकडे तुमच्यासारखी माणसं असतात. लहान कंपनीने तो भरायचा आणि निविदेत मोठ्यांशी दरात भांडायचं. नियम गेला तेव्हा मला हायसं वाटलं हे प्रामाणिकपणे सांगतो.

आणि दुसरं, या 'टक्क्यां'च्या नादात आपल्याच मुलांना डावललं जातं असं नाही का वाटत?

चाफेकळी

टांगेवाला दादा, पन्नासच्या उंबरठ्याबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. लहान कंपनीला सोपा, चार पानांचा नमुना द्यायला हवा होता, तो माझ्या तरी बघण्यात कधी आला नाही. हा नियमाचा खरा दोष.

पण दुसऱ्या मुद्द्याबद्दल. ११२४६ मध्ये कोटा नव्हता. प्लॅनमध्ये जी उद्दिष्टं लिहायची ती कोटा समजू नयेत, त्यासाठी कमी पात्र माणूस घेऊ नये, हे नियमातच लिहिलेलं होतं. आणि आपल्या मुलांचंच म्हणाल तर २०१६ मध्ये याच ओएफसीसीपीने पॅलँटिर या सॉफ्टवेअर कंपनीवर खटला भरला होता, आशियाई अर्जदारांना इंजिनिअरच्या जागांसाठी डावललं म्हणून. २०१७ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता सुमारे १६ लाख ६० हजार डॉलर देऊन ते मिटवलं. २०२१ मध्ये गुगलने ३८ लाख डॉलरची तडजोड केली, त्यातही स्त्री इंजिनिअर आणि आशियाई अर्जदार होते. ही रक्कम ज्यांना मिळाली त्यांच्यातल्या बहुतेकांना आपल्यावर अन्याय झालाय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. मुलाखतीला बोलावलंच नाही, तर का बोलावलं नाही हे कोण सांगणार?

नदीकाठ

व्हर्जिनियातून लिहितोय. छोटी आयटी कंपनी, १८ माणसं.

आधी एक गोष्ट वेगळी करायला हवी, नाहीतर चर्चा भरकटेल. ११२४६ हा कंपनीच्या *आत* कोणाला नोकरी आणि किती पगार याबद्दल होता. कंत्राट *कुठल्या कंपनीला* मिळतं याचे नियम वेगळे आहेत: लघुउद्योग प्रशासनाचं ८(ए), वाहतूक खात्याचं डीबीई वगैरे, म्हणजे मागास समजल्या जाणाऱ्या मालकांच्या लहान कंपन्यांना कामाचा वाटा मिळावा यासाठीच्या योजना. ट्रम्प सरकारने आणि न्यायालयांनी दोन्हीकडे बदल केले, म्हणून लोक एकत्र बोलतात. पण दोन्हींचं अर्थशास्त्र अगदी वेगळं आहे.

८(ए) मध्ये भारतीय उपखंडातून आलेल्यांना 'सामाजिकदृष्ट्या मागास' गृहीत धरलं जायचं, १९८२ पासून. आपल्या अनेक लोकांनी त्यावर कंपन्या उभ्या केल्या, मीही त्यातलाच. जुलै २०२३ मध्ये टेनेसीच्या एका केंद्रीय न्यायालयाने अल्टिमा खटल्यात ते गृहीतक थांबवलं. मग आम्हाला प्रत्येकाला निबंध लिहून द्यावा लागला: तुमच्यावर नेमका काय अन्याय झाला, कधी, कुठे, त्याने धंद्याचं काय नुकसान झालं.

तो निबंध लिहिताना मी तीन रात्री बसलो होतो. बँकेने कर्ज नाकारलं त्याची तारीख शोधली. एका मोठ्या कंत्राटदाराच्या बैठकीत 'तुमचा खरा मालक कुठे आहे' असं विचारलं होतं, ते लिहिलं. लिहिताना लाज वाटत होती आणि रागही येत होता. पण नंतर वाटलं, नुसत्या आडनावावर मिळण्यापेक्षा हे लिहायला लावणं एका अर्थी बरोबर आहे. चाळीस एकरांतल्या बंगल्यात राहणाऱ्या माणसाला मागास गृहीत धरायचं हे मला कधीच पटलं नव्हतं.

आर्थिक परिणाम मात्र लगेच दिसला. नवीन अर्ज काही काळ थांबले. ज्यांनी त्या भरवशावर माणसं घेतली होती त्यांनी ती सोडली. बँक आपल्याला कर्जमर्यादा देते ती हातातल्या कामांवर. काम पुढे ढकललं की मर्यादा आकसते, मर्यादा आकसली की पगाराची तारीख चुकते. मोठ्या कंपनीला तीन महिने उशीर म्हणजे तीन महिने उशीर. लहानाला तो शेवट असू शकतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डीबीईतलं वंश आणि लिंग यावरचं गृहीतक काढलं. सगळ्यांची नव्याने तपासणी होईपर्यंत कंत्राटांवर उद्दिष्टंच (कामाचा अमुक वाटा डीबीई कंपन्यांना, अशी) लावायची नाहीत, असा आदेश. माझ्या ओळखीची एक बाई रस्त्याच्या कामांवर डांबर-काँक्रीटची चाचणी करते, सहा माणसं घेऊन. मुख्य कंत्राटदाराने तिला पुढच्या निविदेत घेतलंच नाही. त्याला तिचं काम आवडत नव्हतं असं नाही. त्याच्याकडे स्वतःची लॅब आहे, आणि आता बाहेर द्यायचं कारण उरलं नाही.

गणिती

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी होतो, अजून वाचत असतो. 'पैशाचं काय झालं' हा प्रश्न थोडाफार मोजला गेलाय, म्हणून लिहितो.

नदीकाठ म्हणतात तो फरक आकड्यांतही दिसतो. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये प्रपोझिशन २०९ मंजूर करून राज्याच्या कंत्राटांतली वंश-लिंगाधारित पसंती बंद केली. केंद्राच्या पैशातून होणाऱ्या रस्त्यांवर ती चालूच राहिली. म्हणजे एकाच राज्यात, त्याच कंत्राटदारांमध्ये, दोन नियम. अर्थतज्ज्ञ जस्टिन मॅरियन यांनी दोन्हींचे दर ताडून बघितले. राज्याच्या कामांचे दर केंद्राच्या कामांच्या तुलनेत ५.६ टक्क्यांनी उतरले. पसंतीची किंमत असते, आणि ती करदाता भरतो. हे नाकारण्यात अर्थ नाही.

उलट बाजू: ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या शहरांनी अल्पसंख्याकांच्या कंपन्यांसाठी कामं राखून ठेवली. अटलांटात तर १९७३ मध्येच मेनार्ड जॅक्सन महापौर म्हणून निवडून आले आणि विमानतळाच्या कामात २५ टक्के वाटा हवाच म्हणून अडून बसले. चॅटर्जी, चे आणि फेअरली या तिघांनी अशा शहरांचा अभ्यास केला. कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधली स्वतःच्या व्यवसायाची तफावत तीन टक्के-बिंदूंनी कमी झाल्याचं त्यांना दिसलं. मग १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिचमंड शहराचा ३० टक्क्यांचा नियम रद्द केला आणि बऱ्याच शहरांनी हात आखडता घेतला.

आता ११२४६ कडे. इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो कॉनरॅड मिलर यांचा २०१७ चा निबंध. कंपनी पहिल्यांदा सरकारी कंत्राटदार झाली की पाच वर्षांत तिथल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचा वाटा सरासरी ०.८ टक्के-बिंदूंनी वाढला. आकडा लहान आहे. पण पुढचं बघा: कंपनीने सरकारी काम सोडलं, नियम तिला लागू राहिला नाही, तरी वाटा वाढतच राहिला. कारण माणसं शोधायची, पारखायची पद्धतच बदलली होती. एकदा नीट मुलाखत घ्यायला शिकलेली कंपनी परत ओळखीच्या पोरांवर जात नाही, कारण नीट मुलाखत तिच्याच फायद्याची असते.

टांगेवाला, यावरून तुमच्या बाजूनेही युक्तिवाद होऊ शकतो: सवय लागलीच आहे तर आता नियम कशाला? जुन्या कंपन्यांच्या बाबतीत त्यात तथ्य असावं. प्रश्न उद्या पहिल्यांदा कंत्राट घेणाऱ्या कंपनीचा. तिला ती सवय लावणारं कोणी नाही.

भुईमूग

गणिती यांना अनुमोदन. वाचनखूण साठवतेय.

कृष्णाकाठ

मी साताऱ्याचा, सार्वजनिक बांधकामची छोटी कामं घेतो. तुमच्या अमेरिकेतलं वाचून आपल्याकडचं आठवलं म्हणून लिहितो.

आपल्याकडे लहान कामांचं वाटप ३३:३३:३४ असं: मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले. मी डिप्लोमा करून बेरोजगार अभियंता म्हणून नाव नोंदवलं तेव्हा पहिलं काम मिळालं ते एका प्राथमिक शाळेच्या कुंपणाच्या भिंतीचं. काम वाटप समितीची चिठ्ठी निघाली त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली होती. ती चिठ्ठी नसती तर मी आज पुण्यात कुणाच्या तरी साइटवर सुपरवायझर असतो. तेव्हा राखीव वाट्याने काही होत नाही असं मी म्हणणार नाही.

पण दुखणं पण माहितीय. मजूर संस्थेच्या नावावर काम, आणि प्रत्यक्षात करणारा दुसराच. संस्थेला दोन-तीन टक्के, सह्या करायच्या. मजुराच्या हातात काय पडतं ते कोणी बघत नाही. केंद्राचं २०१२ चं धोरण आहे, सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून २५ टक्के खरेदी, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून, ३ टक्के महिलांकडून. त्यातलं ४ टक्क्यांचं उद्दिष्ट वर्षानुवर्षं पूर्ण होत नाही. बयाणा माफ आहे, पण बिल सहा महिने अडकलं तर बयाणा माफ असून करायचं काय?

चाफेकळी ताईंचं वाचून एक डोक्यात आलं. आपलं सगळं लक्ष काम *कोणाला* मिळालं यावर. त्या कामावर बाईला किती रोज आणि गड्याला किती, हा तक्ता दर वर्षी कंत्राटदाराने स्वतः भरून तपासायचा, असं मी तरी कधी केलेलं नाही. माझ्याच साइटवर घमेलं उचलणाऱ्या बाईला गड्यापेक्षा शंभर रुपये कमी असतात. समान वेतनाचा कायदा होता १९७६ चा, नोव्हेंबर २०२५ पासून तो वेतन संहितेत आला. पण आजपर्यंत मला कोणी विचारलं नाही, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

चाफेकळी

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे इतकं सरळ लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

गणिती, मिलर यांचा निष्कर्ष मला धीर देणारा वाटला, पण एका ठिकाणी माझा अनुभव वेगळा जातो. त्यांच्या अभ्यासातल्या कंपन्यांनी नियमातून बाहेर पडल्यावर चांगल्या सवयी *ठेवल्या*, कारण त्या ठेवण्यात धोका काही नव्हता. आज धोका वाटतो. १४१७३ मध्ये जुना नियम काढण्यासोबत एक नवी अट आहे. कंत्राटदाराने लिहून द्यायचं की आम्ही भेदभावविरोधी कायद्यांचा भंग करणारे कोणतेही डीईआय (विविधता, समता, समावेशन) कार्यक्रम चालवत नाही, आणि त्या कायद्यांचं पालन सरकारने पैसे देण्याच्या निर्णयासाठी महत्त्वाचं धरलं जाईल. ही भाषा कुठून आली ते वकिलाला लगेच कळतं: फॉल्स क्लेम्स ॲक्ट. १८६३ चा, यादवी युद्धात सरकारला फसवणाऱ्या पुरवठादारांविरुद्धचा कायदा. त्यात नुकसानभरपाई तिप्पट. आणि कंपनीतलाच कोणी कर्मचारी दावा दाखल करू शकतो, वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा त्याला. मे २०२५ मध्ये न्याय खात्याने यासाठी खास मोहीमच जाहीर केली.

कायदा मोडणारा कार्यक्रम म्हणजे नेमका कोणता, हे त्या ओळीत लिहिलेलं नाही. वसंतात आमच्याकडे मुख्य कंत्राटदारांची पत्रं यायला लागली, दहा दिवसांत सही करून पाठवा. बैठकीत आमचे बाहेरचे वकील म्हणाले, पगाराचा तो स्त्री-पुरुष आणि वंशानुसारचा तक्ता यंदा काढू नका, उगीच कागद कशाला निर्माण करायचा.

तक्ता काढणं बेकायदा नाही. कोणाला जास्त द्या, कोणाला कमी द्या असं तो सांगत नाही. तो फक्त दाखवतो की सारख्या कामाला सारखे पैसे आहेत का. पण भीती ही अशी असते की माणूस मनाई असलेल्या गोष्टीपासून दहा पावलं मागे उभा राहतो.

टांगेवाला दादा, तुमचे सल्लागाराचे पैसे वाचले, ते खरेच वाचले आणि ते ताळेबंदात दिसतील. आमचे वाचले नाहीत. ते एचआरकडून वकिलांकडे गेले. २०२५ मध्ये सल्ल्याचं बिल आधीच्या वर्षीपेक्षा जास्त आलं. आणि त्या फील्ड इन्स्पेक्टर बाईचे नऊ हजार असतात ना, तसे पैसे कुठल्याच ताळेबंदात दिसणार नाहीत. तिला कळणार नाही, मॅनेजरला कळणार नाही, मलाही नाही.

टांगेवाला

ताई, तिप्पट भरपाईचं मला माहीत नव्हतं. आम्ही पण एका शाळा-दुरुस्तीच्या कामात तशाच कागदावर सही केलीय, न वाचता. आज बायकोला काढून ठेवायला सांगितलाय.

नदीकाठ

टांगेवाला, वकिलाला दाखवाच.

चाफेकळी, दिव्यांग आणि माजी सैनिकांचे प्लॅन अजून आहेत ना?

चाफेकळी

हो. ते १९७३ आणि १९७४ च्या संसदेच्या कायद्यांनी आले आहेत, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांच्या सहीने जात नाहीत. मात्र जुलै २०२५ मध्ये कामगार खात्याने दिव्यांगांसाठीचं ७ टक्क्यांचं उद्दिष्ट काढायचा प्रस्ताव मांडला. ११२४६ नुसता आदेश होता, एका सहीने आला आणि एका सहीने गेला. साठ वर्षांत त्याचा कायदा झाला नाही याचं मला फार वाईट वाटतं.

गणिती

मग तुमच्या तक्त्याचं शेवटी काय झालं?

चाफेकळी

मी बैठकीत म्हटलं की मेरीलँडचा समान वेतनाचा कायदा आपल्याला लागू आहेच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून जाहिरातीत पगाराची मर्यादा लिहावी लागते. ती मर्यादा ठरवायला तरी सगळ्यांचे पगार शेजारी-शेजारी ठेवून बघावे लागणार. वकिलांनी विचार करून सांगितलं की त्यांच्या देखरेखीखाली, कायदेशीर सल्ल्याचा भाग म्हणून करा, म्हणजे तो गोपनीय राहील. खर्च तिप्पट, पण होकार मिळाला.

मार्चमध्ये काढला. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांच्या गटात दोन नावं पिवळी झाली. एक बाई आणि एक व्हिएतनामी गृहस्थ, दोघंही रात्रपाळीतून दिवसपाळीत आलेले आणि येताना मूळ पगार खाली लावला गेलेला. जुलैच्या पगारात दुरुस्त झालं.

पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये वकिलांच्या या कामाची ओळ मंजूर होईल की नाही, ते डिसेंबरमध्ये कळेल. कळलं की इथे लिहीन.

कृष्णाकाठ

ताई, तुमचा तो तक्ता नावं काढून, नुसते रकाने, मराठीत करून टाकाल का इथे? हजेरीपत्रकाच्या मागे लावून बघतो. या शनिवारी पगार वाटायचाय.

चाफेकळी

आज रात्री टाकते. चारच रकाने पुरतील तुम्हाला: काम, किती दिवस, अनुभव, रोज. नावाच्या जागी फक्त बाई किंवा गडी.